आज नगद, संकल्प उधार

वऱ्हाडात संकल्प करायला १ जानेवारीइतका गैरसोयीचा दिवस दुसरा सापडणार नाही. ज्यांच्याकडून ही तारीख आपल्याकडे आली त्यांच्या देशात तेव्हा बर्फ पडतो. बाहेर पडायची सोय नाही, खायला ताजं काही नाही, मग माणूस दुसरं काय करणार, संकल्पच करणार. आमच्याकडे त्याच सुमारास ज्वारी हुरड्यावर आलेली असते, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, वांगी बहरात असतात आणि जो भेटेल तो "या ना एखांद्या इतवारी वावरात" असं आवतन देत सुटतो. त्यात चांदूर बाजार तालुक्यात २० डिसेंबरला बहिरमची यात्रा भरते आणि पुढे जानेवारीतही चालू राहते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि चालत असेल त्याला हंडीतलं मटण. त्यामुळे वजन उतरवायचा संकल्प ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता जन्माला येतो आणि पहिल्याच रविवारी बहिरमच्या राहुटीत त्याची तेरवी होते.

गंमत म्हणजे २० डिसेंबर हीच गाडगेबाबांची पुण्यतिथी. बाबा १९५६ साली अमरावतीच्या वाटेवर गेले. म्हणजे दरवर्षी त्या एका दिवशी जिल्ह्याच्या एका टोकाला 'व्यसन सोडा, कर्ज काढू नका' याची आठवण चाललेली असते आणि दुसऱ्या टोकाला हंड्या चुलीवर चढत असतात. आम्हा अमरावतीकरांना दोन्हीकडे जायचं असतं आणि बहुतेक जण दोन्हीकडे जाऊनही येतात.

तरी संकल्प होतातच. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वडाळी तलावाकडे जाणारा रस्ता पाहावा. नवे बूट, नवी टोपी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. संक्रांत झाली की पुन्हा तेच चार पेन्शनर उरतात, जे कोणताही संकल्प न करता कित्येक वर्षं चालत आहेत आणि चालता चालता सरकारला नावं ठेवत आहेत.

अलीकडे यात एक सुधारणा झाली आहे. संकल्प आपण करायचा आणि तो पाळायला पगारी माणूस लावायचा. अकोल्यात ही कल्पना लवकर रुजली यात नवल नाही. ते शिकवण्यांचंच गाव. नीट आणि जेईईसाठी आसपासच्या जिल्ह्यांतली पोरं तिथे खोल्या करून राहतात. ज्या गावात पोराच्या फिजिक्सला कोचिंग लागतं तिथे बापाच्या ढेरीला का लागू नये? म्हणून आता लाइफ कोच आले, वेलनेस कोच आले, 'पहाटे पाचचा क्लब' आला. अकोल्याच्या उन्हाळ्यात पहाटे पाच हीच अंगाला सोसणारी एकमेव वेळ असते आणि शेतकरी पिढ्यानपिढ्या त्या वेळेला उठून वावरात पोचलेला असतो, हे कोणी क्लबाला सांगत नाही. सांगितलं तर फी बुडेल.

आमच्या वहिनींनी असा एक ऑनलाइन कोच केला. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी हलकी आहे, मी चपळ आहे' असं मोठ्यानं म्हणायचा गृहपाठ होता. दोन-तीन दिवस आमच्या आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्या पोरीले झालं तरी काय? सकायपासून आरशाशी भांडून रायली."

"भांडत नाही हो आई. स्वतःला सांगते आहे की मी हलकी आहे."

"मंग आरशाले कायले सांगतं? वजनकाट्याले सांग."

वहिनींनी फी भरलेली असल्यामुळे महिनाभर तरी आरशाला सांगणं भाग होतं. आईचा सल्ला फुकट असल्यामुळे तो कोणी मनावर घेतला नाही.

पण खरी कथा आमच्या भाऊजींची आहे. भाऊजी अकोल्याचे, बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. व्यसन एकच, खर्रा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालायचा आणि पानठेलेवाल्यानं तो तळहाताखाली घोट घोट घोटायचा, एकजीव होऊन पन्नी गरम होईपर्यंत. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली तेव्हा बाहेरगावच्या लोकांची गैरसोय झाली असेल. भाऊजींना बंदी आल्याचं पेपरात वाचून कळलं.

भाऊजी दर १ जानेवारीला खर्रा सोडत. न जमल्यास पाडव्याला, तेव्हाही न जमल्यास आषाढीला. यंदा प्रकरण दाताच्या डॉक्टरांपर्यंत गेलं. त्यांनी सांगितलं, "तोंड उघडा आणि आपलीच तीन बोटं उभी आत घाला." दोनच गेली. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, तोंड उघडेनासं होतं आणि ही वाट कर्करोगाकडे जाऊ शकते, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. भाऊजींनी सगळं गंभीरपणे ऐकलं आणि एकच शंका विचारली, "म्हंजे गिला वडा जानार नाई?" दह्यात भिजलेला, वर तिखट चटणी ओतलेला अमरावतीचा गिला वडा अख्खा तोंडात टाकायचा असतो अशी भाऊजींची धारणा आहे. कर्करोगानं जे केलं नाही ते वड्यानं केलं. भाऊजी हादरले.

कोणीतरी संमोहनोपचार सुचवला. पण अकोल्यात नको, अशी भाऊजींची अट होती. जठारपेठेत जिना चढला की उतरायच्या आत डाबकी रोडला बातमी पोचते. ताईला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मे महिन्यात, अकोल्याचा पारा ४५च्या पुढे असताना, ते 'साळ्याकडे आंबे द्यायला' म्हणून अमरावतीला आले आणि मी त्यांना एका संमोहनतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत होते, आम्हीही म्हणालो. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू दिलं. खोली थंडगार, पडदे निळे, मागे बासरी.

डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "डोळे मिटा. तुम्ही एका समुद्रकिनाऱ्यावर आहात. लाटांचा आवाज येतो आहे."

भाऊजींनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "कोन्ता समुद्र?"

"कोणताही. तुम्हाला आवडेल तो."

"म्या एकच पाह्यला, मुंबईचा. पोरीच्या परीक्षेले गेलो होतो तवा. तथी लय वास येत होता."

"बरं, मग नदी घ्या. एक शांत नदी."

"मोर्णा?"

डॉक्टर क्षणभर थांबले. त्यांचं शिक्षण अकोल्यात झालं असावं. नदीचा नाद सोडून त्यांनी उलटी मोजणी काढली. "मी शंभरपासून खाली मोजतो. प्रत्येक आकड्याबरोबर तुम्ही जास्त जास्त सैल होत जाल." शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव... भाऊजींचे खांदे खरंच उतरायला लागले. मान कलली. मला वाटलं, जमलं. डॉक्टरांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते जरा निश्चिंत झाले. चौऱ्याहत्तर, बहात्तर...

"त्र्याहत्तर राह्यलं," भाऊजी म्हणाले.

आयुष्यभर ज्यानं नोटा मोजल्या त्याला आकड्यांनी झोपवायचं म्हणजे अवघडच. पुन्हा सुरुवात झाली. शेवटी बासरी, एसी आणि दुपारचं जेवण या तिघांनी मिळून काम केलं. 'खर्रा समोर आला की तुम्हाला मळमळेल' ही मुख्य सूचना डॉक्टरांनी दिली तेव्हा भाऊजी घोरत होते. ती सूचना पूर्णपणे फक्त मी ऐकली, आणि मी खर्रा खात नाही.

उठल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"लय मस्त झोप लागली, डॉक्टरसाहेब. हा एसी कोन्त्या कंपनीचा हाय?"

मळमळ झाली, पण ती बिल पाहून.

यात डॉक्टरांना दोष द्यायला नको. या शास्त्राचा मूळपुरुष आपल्याच बाजूचा, गोव्याचा. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ एक पुतळा आहे. झगा घातलेला एक पाद्री हात पुढे करून खाली कोसळणाऱ्या बाईवर ओणवा झालेला. आपले पर्यटक त्याला भूत उतरवणारा बाबा समजून फोटो काढतात आणि फेरीबोटीकडे जातात. ते आबे फारिया. १७५६ साली बार्देशातल्या कांदोळीत जन्मले, बापाबरोबर लिस्बनला गेले, पुढे पॅरिसात स्थिरावले आणि १८१३पासून तिथे लोकांना झोपवून दाखवू लागले. त्या काळी सगळ्यांची समजूत अशी की झोपवणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी शक्ती निघते. फारियांनी सांगितलं, माझ्यात काही नाही. जे होतं ते समोर बसलेल्याच्या मनातून होतं, मी फक्त सुचवतो. गुरुमहाराजांनी स्वतःच 'माझ्यात काही नाही' म्हणायचं, हा धंद्याच्या दृष्टीनं केवढा तोटा! त्यांचीही झालीच टिंगल. पॅरिसात त्यांच्यावर नाटक बसवून लोक हसले.

फारियांची एक आख्यायिका गोव्यात फार सांगतात. लिस्बनला राणीच्या चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहिले आणि घाबरून त्यांची वाचाच बसली. तेव्हा बापानं हळूच कोकणीत सुचवलं की ही सगळी भाजी आहे असं समज आणि काप. त्या एका वाक्यावर पोराची गाडी सुरू झाली. आता या गोष्टीत संमोहन कुठे आहे, बासरी कुठे आहे? बाप जवळ उभा होता आणि त्याचं लक्ष होतं, एवढंच आहे.

अभ्यासकही साधारण इथेच येऊन थांबलेत. धूम्रपान सोडायला संमोहन इतर उपायांपेक्षा जास्त उपयोगी पडतं का, याचा २०१९ साली कोक्रेनच्या मंडळींनी १४ अभ्यास तपासून आढावा घेतला. पडतं असं ठामपणे म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मदतवाहिनी आहे, फोनवर समुपदेशन मिळतं, तेही फुकट. पण फुकट म्हटलं की आमच्या भाऊजींना त्यात काहीतरी गोम असणार असं वाटतं. तेवढ्या बाबतीत ते अजून कॅशियरच आहेत.

तर भाऊजी अकोल्याला परतले. 'एकवीस दिवस सूचना मनात घोळवा, सवय सुटेल' असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हा एकवीसचा आकडा अमेरिकेतल्या मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लॅस्टिक सर्जनचा. नवं नाक बसवलेल्या रोग्याला आरशातल्या तोंडाची ओळख पटायला साधारण तेवढे दिवस लागतात, असं त्यानं १९६०च्या पुस्तकात लिहिलं. नाकाचा हिशेब सगळ्या जगानं सवयींना लावून टाकला. पुढे लंडनच्या एका अभ्यासात प्रत्यक्ष माणसं तपासली तर नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, कोणाला १८, कोणाला २५४ लागतील असा अंदाज. आमच्या आज्यांचा चातुर्मास चार महिन्यांचा, म्हणजे या सरासरीच्या जवळपास दुप्पट. त्यांनी लंडनला विचारलं नव्हतं.

भाऊजींनी काही दिवस नेटानं काढले. पण संकल्प गुप्त ठेवण्याचा एक मोठा फायदा असतो. तो मोडला तरी कोणाला कळत नाही. एका संध्याकाळी ते पानठेल्यावर 'नुसत्या गप्पा मारायला' गेले. मळमळलं काहीच नाही. उलट, इतक्या दिवसांनी म्हणून खर्रा फारच रंगला, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. फोनही दबक्या आवाजात, गच्चीवरून.

जुन्या लोकांनी ही पळवाटच बुजवून टाकली होती. चातुर्मासात कांदा सोडणारी बाई तो गुपचूप सोडत नाही. श्रावणातल्या पंगतीत वाढणाऱ्याच्या आधी शेजारीण ओरडते, "त्याईले नोको वाढू, त्याईचं चालत नाई!" आता इच्छा असली तरी खाऊन दाखवा. पंढरीची माळ घातलेल्या माणसाच्या गळ्यात संकल्प दिसतो. तो ढाब्यावर बसला की वेटर स्वतःच शाकाहारी पान उघडून देतो. शिवाय व्रताला शेवट असतो, उद्यापन असतं, गोडधोड असतं. 'आता जन्मभर' असं कोणी म्हणत नाही. जन्मभरासाठी सोडायचं ते काशीला, आणि तिथे आपली माणसं कारलं सोडून येतात.

गाडगेबाबांचं कीर्तनही याच अंगानं जायचं. हा माणूस दिवसभर गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा, तोवर अख्ख्या गावाला आपण काल केलेल्या घाणीची लाज वाटलेली असायची. कीर्तनात ते सांगत कमी आणि विचारत जास्त. साधे सोपे प्रश्न, आपल्या वऱ्हाडी बोलीत. उत्तरं लोकांनी द्यायची, मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून. 'दारू वाईट' हे बाबांनी सांगितलं तर ते बाबांचं मत झालं. तेच आपण पाटलाच्या, सावकाराच्या आणि बायकोच्या देखत ओरडून सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गुत्त्याच्या दारात पाय अडखळणारच. डोळे कोणाचे मिटवले नाहीत, फी घेतली नाही, पायाला हात लावू दिला नाही. आजच्या कोच मंडळींना यातलं पहिलं जमेल, पुढच्या दोन गोष्टी अवघड आहेत.

आणि अगदी ताजं उदाहरण पाहिजे असेल तर ते अमरावती आणि अकोल्याच्या मधातच पडलेलं आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३. हा रस्ता वर्षानुवर्षं रखडला होता. त्यावरच्या खड्ड्यांनी दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांचे मणके सैल केले, त्याला कोणतंही संमोहन लागलं नाही. मग जून २०२२मध्ये लोणी ते माना या भागात सलग ७५ किलोमीटरचा एक पदरी डांबरी थर अंथरला गेला, आणि किती वेळात? १०५ तास ३३ मिनिटांत. दिवसरात्र काम चालू. डांबर तेच, ऊन तेच, राबणारी माणसंही माणसंच. फरक एवढाच की या वेळी गिनेस बुकाचा विक्रम लावला होता आणि घड्याळ लावून पाहणारे हजर होते. कोणी पाहत असलं की माणूस पाच दिवसांत महामार्ग करतो. नसलं की त्याच्यानं एक पन्नी सुटत नाही.

भाऊजींच्या बाबतीत गिनेसची जागा ताईनं घेतली. पँट धुवायला टाकताना खिशात पन्नी सापडली. ताई भांडली नाही. तिनं पदर खोचला, पर्स घेतली आणि सरळ पानठेल्यावर गेली. ठेल्यावर पाटी होती, 'आज नगद, कल उधार.' पाटीखाली उधारीची वही होती आणि वहीत भाऊजींचं पान सगळ्यात भरलेलं होतं. ताईनं पै न पै चुकती केली, पानावर आडवी रेघ मारायला लावली आणि म्हणाली, "आता याईच्या नावानं एक ओळ जरी चढली तं तो पैसा तुह्या घरचा. मी देनार नाई." मग गल्लीतल्या बाकीच्या ठेल्यांवर जाऊन हेच सांगितलं. निवृत्त कॅशियरचं पेन्शन कोणाच्या हातात असतं, हे सगळ्या ठेलेवाल्यांना माहीत होतं.

घरी येऊन तिनं नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं. त्या रात्रीपासून भाऊजींना नऊच्या सुमारास फोन सुरू झाले. मावसबहिणीचा, व्याह्यांचा, पुण्यातल्या भाच्याचा. आमच्या आईनं तर व्हिडिओ कॉल लावून सांगितलं, "जवाईबापू, जरा तोंड उघडून दाखवा बरं." जावयानं सासूला आ करून दाखवायचा म्हणजे लाजेची हद्द झाली, पण दाखवला. तलफ आली की काय करायचं हेही ताईनं ठरवून दिलं होतं. शर्टाच्या खिशात भाजलेल्या फल्ल्या. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधीच ठरवून ठेवलेला निश्चय जास्त टिकतो, हे १९९९ साली मांडलं. ताईनं त्याचं नाव ऐकलेलं नाही, पण फल्ल्या संपू देत नाही.

खर्रा सुटला. तोंड अजून दोन बोटांइतकंच उघडतं, ते एकदम बरं होणारं दुखणं नाही, औषध आणि व्यायाम चालू आहे. गिला वडा चमच्यानं तुकडे करून खावा लागतो. पण भाऊजी खूश आहेत आणि सगळं श्रेय अमरावतीच्या डॉक्टरांना देतात. "काई म्हना, हात चांगला हाय त्याइचा. सूचना खोल जाते, हयूहयू कामाले लागते." ताई हे ऐकते आणि फल्ल्या भाजायला घेते. भाऊजींनी आतापर्यंत निम्म्या जठारपेठेला डॉक्टरांचा नंबर वाटला आहे.

परवा अकोल्याला गेलो तेव्हा भाऊजींबरोबर त्या ठेल्यावरून चाललो होतो. ठेलेवाल्यानं हात दाखवून थांबवलं. मला वाटलं, गिऱ्हाईक परत मागतो आहे. तो वही पुढे करून काकुळतीला आला होता.

"भाऊ, मलेबी न्या न एक डाव त्या डॉक्टरजोळ. माह्यं उधारी देनं काही सुटत नाई."

"फी लय हाय त्याइची," भाऊजी म्हणाले.

"तवढी तुमी भरा, भाऊ. मी देतो ना मंग."